लूमवरची खूण

पप्पांच्या कानात आज ऐकण्याचं नवीन मशीन बसवलं, तर ते बारीक शिट्टी मारायला लागलं. त्या शिट्टीसरशी मी मनाने थेट बडोद्याच्या हॉलमध्ये जाऊन पोचले.

शाळेच्या व्हॉलीबॉल स्पर्धेसाठी आई आणि कापड विणायच्या लूमवर काम करणारे पप्पा दोन दिवस खाडा करून लिंबायतहून माझ्यासोबत आले होते. शेवटचा सेट बरोबरीत आणि सर्व्हिस माझी. हॉल नुसता दणाणत होता. घामाने बॉल हातातून निसटत होता.

"पप्पा!" मी हाक मारली. ते ढिम्म.

आईने त्यांचा दंड हलवला. "अहो, पोर हाक मारी ऱ्हायनी!"

तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तळवा सावकाश खाली दाबला. लूमच्या खडखडाटात कारागीर एकमेकांना अशीच खूण करतात: हळू, धागा तुटेल. पंचांची शिट्टी झाली. मी श्वास सोडला आणि बॉल मारला. पॉइंट आमचा.

एवढ्या गोंगाटात पप्पा किती शांत, याचं मला कित्येक वर्षं कौतुक होतं. तो गोंगाट त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता, हे आता कळतंय.

"पप्पा, येतंय का ऐकू?" मी सवयीने ओरडलेच.

ते दचकले. मग हसून त्यांनी तोच तळवा सावकाश खाली दाबला.