निळ्या रंगाखालचे पोकलेन

निळ्या रंगाखाली पिवळा रंग दिसला, तो क्षण मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा मी कोल्हापुरात पोलीस निरीक्षक होतो. शाहूपुरीत कार्यालय असलेल्या एका ठेकेदाराने गडचिरोलीच्या नक्षलग्रस्त भागात रस्त्याचे काम घेतले होते. आपले खोदकामाचे पोकलेन मशीन नक्षलवाद्यांनी जाळले, अशी फिर्याद त्याने तिकडे दिली. रस्ता अर्धवट राहिला आणि संशयावरून तिथल्याच गावातले दोन तरुण अटकेत गेले.

एका सकाळी ठाण्यात हजेरी चालू असताना गडमुडशिंगीची एक बाई आली. तिचा नवरा त्या मशीनचा ऑपरेटर.

"साहेब, मोबाईलवर त्या दोन पोरांचा फोटो बघितल्यापासनं आमचं हे धड जेवलं न्हाईत. कायतरी लपवत्यात. तुम्हीच इचारा की!"

नवऱ्याला बोलावले. भेदरलेल्या माणसावर ओरडले की तो आणखीच मिटतो. मी चहा मागवला आणि विचारले, "तिकडं जेवायचास कुठं?"

त्याचे डोळे भरले. "त्यातल्याच एकाच्या घरात. त्याची आई वाढायची."

"मग मशीन कुणी जाळलं?"

"जाळलंच न्हाय, साहेब! भंगारातलं नेऊन पेटवलं. आमचं पन्हाळ्याकडं खाणीत चालू हाय. तोंड उघडलंस तर तुलाबी नक्षलवादी ठरवीन, असा दम दिला ठेकेदारानं."

मी ताडकन उठलो. वरिष्ठांना कळवले, पंच घेतले आणि साध्या वेशात खाण गाठली. मशीन होते, पण निळे! फिर्यादीत तर पिवळे लिहिले होते. मुकादम हसला, "काय पावणं, वाट चुकला व्हय?"

माझ्या हवालदाराने खिशातली किल्ली काढून पत्रा खरवडला. आत पिवळा रंग! मुकादमाचे हसू तिथेच थिजले. चेसिसवर कोरलेला नंबर फिर्यादीतल्या नंबराशी तंतोतंत जुळला. हवालदार ओरडलाच, "साहेब, घावलं!" मी तिथेच बसून पंचनामा लिहिला.

ठेकेदार आधी आवाज चढवून बोलला. जप्त मशीनचा फोटो समोर ठेवताच त्याने सगळे कबूल केले. जंगलातले काम त्याला झेपत नव्हते. विम्याची भरपाई घेऊन अंग काढून घ्यायचे होते. नक्षलवाद्यांचे नाव घेतले की कुणी खोलात जाणार नाही, हा त्याचा हिशेब. मी लगेच गडचिरोलीच्या तपास अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडून एकच वाक्य आले, "कागद ताबडतोब पाठवा!"

दोघे तरुण सुटले. ऑपरेटर साक्षीदार झाला आणि पुढे नव्या ठेकेदाराबरोबर हट्टाने त्याच गावी कामाला गेला.

नोकरीभर मी मागास भागाचा विकास म्हणजे रस्ते आणि पूल, असेच समजत होतो. गडचिरोलीच्या त्या अधिकाऱ्याने नंतर फोनवर जे सांगितले, त्याने माझी समजूत बदलली. अटकेनंतर नवा ठेकेदार आला, तरी त्या गावातला एकही माणूस रस्त्याच्या कामावर येत नव्हता. पोरे घरी परतली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सगळे गाव कुदळ-फावडी घेऊन कामावर हजर झाले.