खोल गळ्याचा ब्लूस

आधी चहा संपवा, मग सांगते. मागच्या वेळी हा किस्सा ऐकताना एकीने माझ्या सोफ्यावर चहा सांडला होता. तो डाग अजून निघालेला नाही!

तर लॉकडाऊनचे दिवस. आम्ही नेदरलँड्समध्ये, आल्मेरे गावात. माझा नवरा मंदार खाली मीटिंगमध्ये, मी वर मीटिंगमध्ये आणि आमची रेवा तिच्या खोलीत ऑनलाइन शाळेत. घराबाहेरचं जिवंत माणूस म्हणाल तर एकच, शेजारचे हेंक आजोबा. बायको वारलेली, एकटेच राहायचे. संध्याकाळी बागेच्या कुंपणाशी यायचे. ते पलीकडे, मी अलीकडे, मध्ये दीड मीटर! माझं डच सुधारावं म्हणून एक शब्द इंग्रजी बोलायचे नाहीत. खरं सांगते, त्या गप्पांवर माझा दिवस निघायचा.

आता माझी दुसरी भानगड ऐका. विमानं बंद, म्हणजे पुण्याच्या शिंप्याकडे ब्लाउज टाकायची सोयही बंद! मग मीच व्हिडिओ बघून मशीनवर बसले. आधी मास्क शिवले, मग ब्लाउज. इथल्या मराठी मंडळातल्या बायकांच्या ऑर्डरी यायला लागल्या. डोक्यात दिवसरात्र काय? कटोरी, अस्तर, बाही आणि हुक!

अशात एकदा मी आजोबांना विचारलं, "दिवसभर काय करता हो तुम्ही?"

"ब्लूस!" आजोबा खुशीत म्हणाले.

आता डचमध्ये ब्लाउजला म्हणतात ब्लूस. कपड्यांच्या धड्यात मी स्वतः घोकलेला शब्द. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"तुम्हीसुद्धा?"

"माळ्यावर कपाटं भरलीत. अर्धे माझ्या बायकोचे. सगळे अमेरिकेतले. कापसाच्या शेतांतून आलेत ते."

म्हणजे प्युअर कॉटन!

"पण जुने आहेत ना, काहींची हूस फाटलीय," ते हळहळले.

हूस म्हणजे कव्हर. ब्लाउजचं कव्हर म्हणजे अस्तरच असणार, नाही का? म्हटलं, "द्या माझ्याकडे, नवीन लावून देते." आजोबा हरखलेच.

"भारतात असतात का ब्लूस?"

"असतात का म्हणजे? अहो, आमच्याकडे त्याशिवाय लग्न लागत नाही!"

"कसे असतात?"

"खोल गळ्याचे." गळ्यासाठी मला एकच डच शब्द येत होता, घसा दुखतोय म्हणून डॉक्टरला सांगताना वापरलेला. तोच ठोकून दिला. "जितका खोल, तितका भारी!"

आजोबांचे डोळे चमकले. "तोच तर खरा ब्लूस! आणि तुम्ही स्वतः करता?"

"दर शनिवार-रविवार."

"मग या रविवारी माझ्यासाठी एक करा ना!"

"तुमच्यासाठी? म्हणजे... तुमच्याचसाठी?"

"माझ्याचसाठी. दुसरं आहे कोण इथे?"

मंदारला सांगितलं तर त्याने लॅपटॉपच मिटला. "अगं, वेड लागलंय का? तो सव्वासहा फुटी म्हातारा ब्लाउज घालणार?"

"हे बघ मंदार, हे नेदरलँड्स आहे. इथे ज्याला जे घालावंसं वाटेल ते तो घालतो. बायकोची आठवण येत असेल बिचाऱ्यांना. आपण नावं ठेवायची नाहीत."

किती पुरोगामी हो मी! मला माझंच कौतुक वाटलं.

कुंपणापलीकडून, दीड मीटरवरून, नजरेनेच छातीचं माप घेतलं. हिरवा खण काढला. मागे खोल गळा ठेवला, नाडीला सोनेरी लटकन लावलं. आजोबांसाठी म्हणून हातशिलाई!

रविवारी आजोबांनी बागेत लांब लांब दोन खुर्च्या मांडल्या होत्या. हातात गिटार. म्हटलं, असेल नवीन छंद. मी पुडकं मध्यावर ठेवलं आणि मागे सरकले. त्यांनी उघडलं, उलटसुलट करून पाहिलं, विचारलं, "घालू?"

"घाला ना!"

चौकटीच्या शर्टावरून त्यांनी ब्लाउज चढवला. एकच हुक लागला, तोही श्वास रोखून. मग गिटार मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत बसले.

"हं, करा सुरू."

"काय?"

"ब्लूस!"

"केला की! हा काय, तुमच्या अंगावर!"

वरच्या खिडकीतून रेवा किंचाळली, "आई! म्यूझिक! ही मीन्स म्यूझिक!"

धरणीमाते, पोटात घे! ब्लूस म्हणजे ब्लूज. अमेरिकेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या मजुरांचं ते गाणं, त्याच्या त्या रेकॉर्डी, फाटलेली त्यांची पाकिटं! एकुलता एक डच दोस्त, तोही गेला! या वयात त्यांना ब्लाउज घालायला लावला मी!

रेवाने वरूनच डचमध्ये उलगडा केला. आजोबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे पाहिलं. आणि इतके हसले, इतके हसले की तो एकमेव हुकसुद्धा तुटला.

मग त्यांनी आतून रेकॉर्ड प्लेअर आणला. इतके दिवस मला काही ऐकू आलं नव्हतं, कारण माझ्या मीटिंगा असतात म्हणून आजोबा हेडफोन लावून ऐकायचे. रेकॉर्डवर एक माणूस, एक गिटार आणि खरबरीत आवाज. अर्धे शब्द कळले नाहीत, पण कापूस वेचता वेचता दमलेलं माणूस कळलं. "बायको गेल्यापासून बरोबर ऐकायला कोणी नाही," आजोबा म्हणाले, आणि मला भरून आलं. आता दर रविवारी ते जुनं काहीतरी लावतात, मी फोनवर नवे गाणारे शोधून ऐकवते. माझ्या तोंडी ब्लूज, फोक असले शब्द तेव्हापासून आलेत.

पण त्या दिवशी मी म्हटलं, "आमच्याकडेही असतं असं. जात्यावरच्या ओव्या." आणि आत्याकडून ऐकलेली एक ओवी डोळे मिटून, चांगली खोल गळ्यातून गायले. अगदी शेवटपर्यंत.

डोळे उघडले तर रेवाने खिडकी लावून घेतली होती. आजोबा लटकन बोटांत फिरवत, अगदी प्रेमाने म्हणाले,

"तुम्ही शिवणकामच चालू ठेवा."