दोन बोटं पुढे सरकवलेला आरसा

उदगीरच्या बाजारात वीरण्णांचं भांड्यांचं दुकान. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालण्यात त्यांची उभी हयात गेली. मुलाने गल्ला सांभाळायला घेतला तेव्हा त्यांनी हौसेने आरशाची मोठी दुर्बीण मागवली. दिवेलागण झाली की गडी गच्चीवर! मग काचबिंदूने उजवा डोळा नेला, डाव्याने धुरकट दिसू लागलं. लातूरचे डॉक्टर म्हणाले, "आहे ते टिकवू. गेलेलं येणार नाही." घरी येऊन वीरण्णांनी दुर्बिणीवर चादर टाकली. "एखाद्या शाळेला देऊन टाका," एवढंच बोलले.

सून सृष्टीला ते पटेना. तिचा भाऊ लग्नाचे फोटो काढायचा. त्याचा जुना कॅमेरा तिने मागून आणला.

"मामा, डोळ्याच्या जागी हा लावू. तुम्ही लॅपटॉपवर मोठं करून बघा."

लावला, तर चांदणीचा नुसता पांढरा पापड दिसला. कॅमेरा बसवलेली नळी पार आत ढकलली तरी चित्र काही नीट होईना. सृष्टीने बरंच वाचून कारण शोधलं. दुर्बीण डोळ्यासाठी केलेली. तिच्यातलं चित्र कॅमेऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच जुळत होतं. तळाचा आरसा दोन बोटं पुढे घ्यायला हवा, म्हणजे दुर्बिणीच्या नळकांड्याचा मागचा पत्रा तेवढा कापायला हवा.

"कापायचा?" वीरण्णा कडाडले. "चांगल्या वस्तूला करवत लावतीस व्हय?"

सासूबाई दानम्मा ज्वारी निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "चादरीखाली ठिवून तरी कुणाच्या कामाची हाय ती? बिघडली तर बिघडली."

दुसऱ्या दिवशी सकाळी वीरण्णांनी आपणहून आरसा काढला, धुतलेल्या पंच्यात गुंडाळला आणि सृष्टीच्या हातात करवत दिली. तिने कापलं, थोडं वाकडंच. वीरण्णांनी कडेवरून बोट फिरवलं. "हितं उंचवटा हाय. कानस मार. आणखी. हां, बस." बाहेरचा उजेड आत चकाकू नये म्हणून दानम्मांनी नळकांड्यात काळी मखमल चिकटवून दिली. मग सृष्टीने आरसा दोन बोटं पुढे बसवला.

माघातल्या संध्याकाळी मृग डोक्यावर आला. या खेपेस चांदण्या बारीक टिपल्या गेल्या, पण प्रत्येकीला तीन कोपरे! सृष्टीचा चेहरा उतरला. "माझ्यामुळंच वाट लागली, मामा."

वीरण्णांनी स्क्रीनला नाक लावून पाहिलं. "आरशाच्या पकडी किती आवळल्यास?"

"पडंल म्हणून लई घट्ट."

"त्यो दबला असंल बघ. कागद सरकंल इतक्या ढिल्या कर."

स्क्रू ढिले केले, आरशाचा रोख पुन्हा जुळवला. चांदण्या गोल झाल्या. मग सृष्टीने मृगाच्या बाणाखालच्या अंधुक चांदण्यांवर दुर्बीण नेली आणि जरा वेळाने स्क्रीनवर तेजोमेघाचा गुलाबी ढग उमटला, पंख पसरल्यासारखा.

वीरण्णा बघतच राहिले. "डोळे धड होते तवा बी मला ह्यो राखाडीच दिसला होता," ते हळूच म्हणाले. "ह्याला रंग हाय, हे आज कळलं."

दानम्मा पुढे वाकल्या. "आन् ते बाजूचं काय हो?"

"थांब, सांगतो," म्हणत त्यांनी सृष्टीला दुर्बीण जराशी डावीकडे घ्यायला लावली.