कांदा लहान होता

वैशाख लागला की सावरगावचा पूल ओलांडताना माझे पाय जड होतात. पुलापलीकडं दुसऱ्याच गल्लीत माझ्या दोस्ताचं घर आहे. दोस्त आता नाही. त्याची आई आहे. दारातल्या निंबाखाली ती भाजी निवडत बसलेली असते. मला पाहिलं की उठते, आतून एक कांदा आणते, माझ्या पॅन्टच्या खिशात कोंबते आणि दर उन्हाळ्यात एकच गोष्ट विचारते.

"त्या दिवशी त्याच्या खिशात कांदा होता ना रे बाबू?"

"होता, काकू," मी म्हणतो.

नव्हता. चार उन्हाळे झाले, मी त्या माउलीशी खोटं बोलून राहिलो. या वर्षी मात्र ठरवलं, आता बस झालं. खरं सांगून टाकायचं, मग तिनं चप्पल काढून हाणली तरी चालेल. खरं म्हणजे तिनं हाणावी असंच मला वाटत होतं.

आमच्याकडं उन्हात निघताना खिशात कांदा ठेवतात. कांदा अंगातली गरमी ओढून घेतो, लू लागू देत नाही, असं म्हणतात. मी शाळेत सायन्स शिकवतो, तेही हिंदीत, कारण आमचं गाव पडलं हिंदी राज्यात. त्यामुळं कांद्यानं काय होतं अन् काय होत नाही हे मला कोणी शिकवायला येऊ नये. येतात मात्र! जो तो डॉक्टर. "अरे, कांद्यानं थोडीच वाचला असता तो!" अरे बाबा, मला समजत नाही का? पण काकूनं आपल्या हातानं पोराच्या खिशात कांदा घालून त्याला पाठवलं होतं. तिचा सगळा हिशोब तिथंच येऊन अडकतो, आणि तो अडकवला मी.

आम्ही तिघं. कॉलेजात एकमेकांना गावाच्या नावानं हाक मारायची सवय लागली ती लागलीच. मी पांढुर्णा, तो सावरगाव, आणि तिसरा सौसर, ज्याच्या बापाचा संत्र्याचा बगीचा होता आणि दारात गाडीही. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये नुसती जाम नदी. पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार असते, दोन काठांवरचे लोक एकमेकांवर गोटे मारतात, आणि त्या दिवशी आम्ही दोघं दोन काठांवर असायचो. एका वर्षी कोणाचा तरी गोटा त्याच्या कपाळाला लागला. तो माझाच होता असं तो शेवटपर्यंत म्हणायचा. "याचा नेम पाह्य बे! परीक्षेत एक उत्तर बरोबर येत नाही, पण दोस्ताचं डोस्कं बरोबर सापडते." संध्याकाळी टाके घातलेलं कपाळ घेऊन तोच माझ्या घरी उरलेली पुरणपोळी खायला आला होता.

त्याला गिटारचं वेड. संत्र्याच्या सीझनमध्ये मंडीत पेट्या भरायचं काम करायचा, आणि त्या कमाईतून त्यानं नागपूरहून जुनी गिटार आणली. मोबाईलवर पाहून पाहून शिकला. इंग्रजी गाणी म्हणायचा, अर्धे शब्द त्याच्याच पदरचे. काकू म्हणायची, "बापा, हा गाते का कोणाशी भांडते?" पण शेजारीण काही बोलली की तीच पदर खोचून भांडायला निघायची. एका बँडची सगळी गाणी त्याला तोंडपाठ होती. तो बँड नागपूरच्या अलीकडं एका मैदानावर येणार असं कळलं, भर मे महिन्यात, दुपारपासून कार्यक्रम. त्या दिवसापासून पोट्ट्याला जेवण गोड लागेना.

सौसर सकाळीच गाडी घेऊन आला. आम्ही सावरगावात गेलो तर हा काळा टी-शर्ट घालून तयार. काकू मागं लागलेली, "उन्हाचा काया कपडा कायले घालून राहिला?"

"माय, तथी सगळे कायेच घालतेत."

"मंग दुपट्टा बांध. थांब, कांदे आणतो."

मी गाडीत बसून हॉर्न वाजवून राहिलो होतो. मला धीर म्हणून नाहीच, आजही नाही. काकू धावत आली. घाईत टोपलीत हाताला लागले ते तीन कांदे तिच्या हातात होते. मोठे दोन तिनं आधी आम्हा दोघांना दिले, पाहुण्याला आधी देतात तसे. उरलेला पोराला. लिंबाएवढा असेल. सौसर हसला तर म्हणाली, "हासतीन त्याचे दात दिसतीन. खिशातून काढू नका."

मैदानाजवळ गाडी लावली आणि मी बाहेर पाहिलं. शहरातली पोरंपोरी, काळे चष्मे, हातभर गोंदवलेलं, कानात बाळ्या. आणि आम्ही तिघं, डोक्याला लाल काठाचे दुपट्टे बांधलेले, खिसे फुगलेले! मला अशी लाज वाटली की विचारू नका. मी म्हटलं, "काढा बे हे सोंग. लोकं म्हणतीन, मंडीतून हमाल आले."

सौसरनं दुपट्टा गाडीत टाकला, कांदा सीटखाली. सावरगाव मात्र खिशावर हात ठेवून उभा. "राहू दे बे. मायनं देल्लाय."

"तुयी माय पाहाले येऊन राहिली का इथं?" असं म्हणून मी त्याच्या खिशात हात घातला आणि तो कांदा नालीत फेकला. त्याच्या डोक्यावरचा दुपट्टाही मीच ओढून काढला आणि गाडीत टाकला. तो थोडा हिरमुसला, मग हसला. त्याचं तसंच होतं, माझ्यावर त्याला कधी धड रागावताच आलं नाही.

मैदानावर झाड म्हणून नाही. एका बाजूला सावलीसाठी मोठा मंडप होता, पिण्याच्या पाण्याची सोय होती, तिथं लांब रांग होती. पण याला एकदम पुढं जायचं होतं, स्टेजसमोरच्या लोखंडी रेलिंगला टेकून. आम्ही घुसत घुसत तिथं पोहोचलो. पहिला ड्रम वाजला तेव्हा आवाज कानात नाही, छातीत लागला. त्यानं माझा खांदा असा गच्च धरला आणि ओरडला, "माय वं!" एवढा खूश मी त्याला कधी पाहिला नव्हता. खोटं कशाला बोलू, मीसुद्धा तेवढाच खूश होतो.

त्याचा बँड संध्याकाळी होता. मध्ये तीन-चार तास, आणि ऊन असं की रेलिंगला हात लागला तर चटका बसे. सौसर म्हणाला, "चला बे, मंडपात बसू घडीभर." तर हा म्हणतो, "गोटमारीत वाचलो, उन्हानं काय मरतो!" आम्ही हसलो. आमच्या लोकांना ही एक घमेंडच आहे. बाहेरगावचा माणूस उन्हानं घाबरला की आम्हाला मजा वाटते. आम्हाला कायचं ऊन! आम्ही उन्हातच जन्मलो.

आणखी थोड्या वेळानं तो म्हणाला, "मी पाणी पिऊन येतो बे, घसा सुकला."

मी म्हटलं, "आता जाशीन त जागा जाईन. मंग रडशीन. थांब, पाणीवाला येईन."

पाणीवाला आला नाही. तो थांबला. कांद्याचं जाऊ द्या, मला रात्रंदिवस टोचतं ते हे वाक्य.

मग तो डोलायला लागला. आजूबाजूला सगळेच डोलत होते, केस झटकत होते. सौसर म्हणाला, "आमच्या जामसांवलीच्या देवळात मंगळवारी अंगात आलेले लोकं येतेत ना, तसंच दिसून राहिलं बे हे." सावरगाव काहीतरी बडबडत होता. पेट्या भरायच्या राहिल्या, ट्रक निघाला, असं काहीतरी. मला वाटलं, नकला करून राहिला. मी मोबाईल काढून त्याचा व्हिडिओ घेतला. त्या व्हिडिओत तो डोकं हलवतो आहे आणि मी खो खो हसतो आहे. तो व्हिडिओ माझ्याच्यानं पाहवत नाही, अन् पुसवतही नाही.

हसता हसता मी त्याच्या मानेवर हात टाकला. मान तव्यासारखी तापलेली आणि कोरडी ठक्क. घामाचा एक थेंब नाही. आमच्याकडं शेतात जाणाऱ्या कोणत्याही बाईला विचारा, भर उन्हात माणसाचा घाम थांबला की काय समजायचं. काकूनं नुसता हात लावून ओळखलं असतं. मी सायन्सचा मास्तर, माझ्या डोक्यात उजेड पडेपर्यंत तो रेलिंगवरून खाली घसरला होता.

लोक चांगले होते. वाट करून दिली, बाटल्यांतलं पाणी ओतलं, गाडीपर्यंत उचलून आणलं. गाडी रस्त्याला लागली तेव्हा मागून त्याच्या बँडचं पहिलं गाणं सुरू झालं. मी काच खाली केली आणि त्याच्या कानाशी ओरडलो, "ऐक बे, तुयं गाणं लागलं, ऐक!" त्यानं डोळे उघडले नाहीत. त्याचा दुपट्टा पाण्यात भिजवून आम्ही त्याच्या डोक्यावर ठेवला होता. बैल गेला अन् झोपा केला, दुसरं काय.

डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत तो गेला.

तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा बायांच्या गराड्यातून काकूनं मला जवळ बोलावलं. मला वाटलं आता विचारणार, कसं झालं, तू काय करत होता. तिनं विचारलं, "कांदा होता ना रे त्याच्या खिशात?" माझ्या तोंडून निघालं, "होता." जीव वाचवायला निघालं, तिचा नव्हे, माझा. ती बायांकडं वळून म्हणाली, "मंग लहान पडला. मोठे दोन यांना देल्ले मी, अन् त्याले लहान देल्ला. माया हातानं देल्ला."

त्या वेळेस बोलायला पाहिजे होतं. बोललो नाही. सौसरनं तर सावरगावला येणंच सोडलं. मी जात राहिलो, आणि दर वर्षी ती मला मोठा कांदा देत राहिली.

तर या वर्षी गेलो. ती निंबाखाली गवारीच्या शेंगा मोडत होती. तिनं विचारायच्या आतच मी खाली बसलो आणि म्हटलं, "काकू, कांदा नव्हता. गाडीतून उतरल्यावर मीच त्याच्या खिशातून काढून फेकला, याच हातानं. दुपट्टाही मीच काढला. तो पाणी प्याले जाऊन राहिला होता, मीच जाऊ देल्लं नाही."

तिचे हात थांबले. मी मान खाली घालून बसलो, म्हटलं आता येऊ दे काय यायचं ते. ती थोडीशी हसली.

"चार वर्सं होता म्हनला. आता नव्हता म्हनतेस," ती म्हणाली. "मले बरं वाटावं म्हणून आपल्या अंगावर घेऊन राहिला का रे?"

"नाही काकू, खरं सांगून राहिलो. तुमची शपथ..."

तिनं पटकन माझ्या तोंडावर हात ठेवला. हाताला गवारीचा वास होता. "खोटी शपथ नको घेऊ बाबू. लहानच होता तो कांदा. मले मालूम हाय. तू लय चांगला हाय, त्याचा दोस्त शोभतेस. पण आता यावर बोलू नको."

मी अजून दोनदा सांगितलं. हात जोडले, रडलो. जितका रडलो तितकी तिची खात्री पटत गेली. ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग गुडघ्यावर हात टेकून उठली. आत ती टोपली उलथीपालथी करून राहिल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात एवढा मोठा कांदा होता की माझ्या खिशात मावेना. तिनं तो दोन्ही हातांनी दाबून दाबून बसवला.