बॉनेटखालचा बिब्बा

कुरुंद्याच्या धम्मानंदला नोकरी टिकवायची अक्कल नाही, असं त्याची बायको निर्मलाबाई सगळ्यांना सांगायची, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. त्र्याण्णव साली तो सिद्धेश्वर धरणावर साहेबाची जीप चालवायचा. साहेब म्हणाला, डिझेल चोरतोस. ह्यानं टाकी त्याच्या डोळ्यांदेखत रिकामी करून, मोजून दाखवली, साहेबाचं तोंड बंद केलं आणि तिसऱ्या दिवशी घरी बसला. मग हिंगोली-पुसेगाव काळीपिवळी. मग वसमतचे हळदीचे व्यापारी अमृतराव. तिथं मात्र बस्तान बसलं. दोन हजार आठ साली अमृतरावांनी नवी डिझेल गाडी घेतली, तेव्हा शोरूममधून ती आणताना धम्मानंदनं तीनदा थांबून गमछ्यानं काच पुसली होती.

त्याच वर्षीचा दसरा झाला आणि आठवड्यात गाडीला काय झालं कोण जाणे. निघाली की वारा. औंढ्याचा चढ लागला की समोर पिवळा दिवा पेटायचा, आणि पाय किती का दाबेना, चाळीसच्या वर जायचं नाव नाही. बंद करून पुन्हा चालू केली की शहाण्यासारखी पळायची, ती पुढच्या चढापर्यंत.

नांदेडच्या एका मोठ्या वर्कशॉपात कॉम्प्युटर लावला. तिथल्या इंजिनिअरनं पडद्याकडं बघतच सांगितलं, "टर्बो गेला. इंजिनला हवा कमी पडते, म्हणून गाडी आपली ताकद आपणच कमी करते. ड्रायव्हरनं थंड गाडी ताणली असणार." बॉनेटमध्ये हात घालायची तसदी त्यानं घेतली नाही. शर्ट पांढरा होता ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी अमृतरावांनी आडतीवर, सगळ्या हमालांपुढं आणि भीमसिंग दिवाणजीपुढं म्हटलं, "नवी कोरी गाडी खाल्ली रे तू. चावी ठेव."

धम्मानंदची कानशिलं तापली. घरात शाळेत जाणारी दोन लेकरं होती, नोकरीची काळजी होतीच. पण 'गाडी खाणारा' असं एकदा नाव झालं, की अख्ख्या तालुक्यात दुसरं कुणी त्याच्या हातात स्टिअरिंग देणार नव्हतं.

"चावी ठेवतो मालक," तो म्हणाला, "पण सांजच्याला. मी खाल्ली असंल तर पोटातून काढून दाखवतो."

भीमसिंग हसला. अमृतराव हसले नाहीत. "दिवस मावळायच्या आत," ते म्हणाले.

गाडी घेऊन तो थेट नासेर मिस्त्रीकडं गेला. नासेरचा जन्म ट्रॅक्टर आणि जीप खोलण्यात गेलेला. कॉम्प्युटरच्या गाड्यांना तो लांबूनच सलाम करायचा. "याच्यातलं मला काय कळतंय, बाबा?"

"मला तरी कुठं कळतंय, नासेरभाई? पण हवा ती हवाच. कुठून येते अन् कुठं जाते, एवढं तर बघता येतंय."

एअर फिल्टर काढला, साफ. हवेच्या जाड पायपांवर साबणाचं पाणी ओतलं, कुठं बुडबुडा नाही. मग हवा शोषून टर्बोचा दांडा ओढणारी बारीक रबरी नळी उपसली आणि चालू इंजिनावर तिच्या तोंडाला बोट लावलं. बोट बराबर ओढलं गेलं. म्हणून ती पुन्हा बसवून दोघं औंढ्याच्या चढावर गेले, दिवा पेटू दिला, आणि गाडी चालू ठेवूनच बोट लावलं. ओढ गायब.

"थंडीत चालू, गरमीत बंद," नासेर म्हणाला. "नळी कुठंतरी आवळली हाय. गरम झालं की रबर मऊ पडून चिकटतंय."

धम्मानंदनं नळीवरून बोटं मागं मागं नेली. बॅटरीच्या पाठीमागं बोट अडकलं. काळा दोरा, दोऱ्यात ओवलेला बिब्बा, वर गच्च गाठ. नळी मधोमध चिमटलेली.

दसऱ्याला हार घालून झाल्यावर अमृतरावांनी हाच बिब्बा त्याच्यापुढं धरला होता. "नजर लागू नये. आत बांध." धम्मानंदच्या घरातले गंडेदोरे आजोबांच्या वेळीच सुटले होते. "आमी न्हाई बांधत मालक, तुमी बांधा," तो म्हणाला होता. तोंड वाकडं करून अमृतरावांनीच बांधला, पडू नये म्हणून आवळून.

नासेरनं चाकू काढला. "काप अन् चल."

"न्हाई. हात लावू नका."

चाळीसच्या चालीनं रखडत तो आडतीवर आला. बॉनेट उघडलं. हमाल गोळा झाले.

"मालक, गाठ तुमची हाय. तुमीच सोडा. मी सोडली तर म्हणसाल, यानंच बांधली होती."

अमृतरावांनी वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. गाठ सुटता सुटेना. बोटं काळी झाली. अखेर दोरा निघाला आणि नळी हळूहळू फुगून गोल झाली. मग ते स्वतः शेजारी बसले. औंढ्याचा चढ गाडी ऐंशीनं चढली, दिवा पेटला नाही.

आडतीवर येऊन धम्मानंदनं चावी गादीवर ठेवली. "बोललो होतो. ठेवली."

अमृतरावांनी ती त्याच्याकडं सरकवली. "घे. सकाळी हिंगोलीला जायचंय."

त्यानं हात पुढं केला नाही. "सकाळी ज्यांच्यापुढं बोललात, ते सगळे इथंच हायत."

भीमसिंग जमिनीकडं बघू लागला. अमृतरावांनी आपल्या काळ्या बोटांकडं पाहिलं, मग हमालांकडं.

"गाडी धम्मानंदनं न्हाई खाल्ली," ते म्हणाले. "गाठ म्या बांधली होती."

धम्मानंदनं चावी उचलली आणि विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ, मालक?"