शिंक्यातली आवणी

आक्का माणसाच्या आधी त्याच्या कुंडीला भेटायच्या. पुण्याजवळच्या जांबे गावात त्यांच्या इमारतीत सगळ्यात वरची खोली मी भाड्याने घेतली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दार वाजलं. नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली एक काटक म्हातारी बाई दारात उभी. ‘या’ म्हणायचीही संधी न देता ती तरातरा गॅलरीत गेली, तिथे टांगलेल्या माझ्या पेट्युनियाच्या टोपलीत तिने अंगठा पार मुळापर्यंत खुपसला, बाहेर काढून त्याचा वास घेतला आणि म्हणाली, “ही मेलीय.”

“नाही हो, जरा कोमेजलीये,” मी म्हटलं.

“मुळाला इचार. मेलीय.”

ही आमची घरमालकीण. ‘मुळाला इचार’ हे त्यांचं पेटंट वाक्य होतं. कुणाचं पोट दुखो, कुणाचं लग्न मोडो, भाडेकरू पोरांची पाण्यावरून जुंपो, आक्का आधी एवढंच म्हणायच्या आणि मग हळूच सगळी चौकशी करायच्या.

पेट्युनिया मेली होती हे खरं, आणि मारली होती मीच. मी लातूरची. पाणी जपून वापरायचं बाळकडूच मिळालेलं. दिवसभर ऊन खाणाऱ्या गॅलरीतल्या टोपलीला मी रोज कपभर पाणी घालायचे आणि वर स्वतःला उदार समजायचे. टांगलेल्या टोपलीला चारही बाजूंनी वारा लागतो, ती जमिनीवरच्या कुंडीच्या कितीतरी आधी सुकते, हे मला कुठे ठाऊक!

“आणि झाडं शिंक्यात कशाला घातलीस?” आक्कांनी विचारलं. “शिंक्यात दही ठेवत्यात.”

“शोभेसाठी.”

“शोभंला टांगलंय व्हय बिचारीला!” असं म्हणून त्या निघाल्या आणि दारातून परत फिरल्या. “दुसरी टोपली हाय का रिकामी? दे मला.”

आता आक्कांचं तेव्हा काय चाललं होतं ते सांगायला हवं. त्यांची भातखाचरं विकली गेली होती. मुलाने, बाळासाहेबाने, ही इमारत उठवली, दारात नवी गाडी आली आणि आईला त्याने सांगितलं, “आय, लई राबलीस. आता निवांत बसून खा.” प्रेमाने सांगितलं हो, वाकडा अर्थ काढायचं कारण नाही. पण आक्कांना बसता येत नव्हतं. त्यांचे हात सारखे काहीतरी शोधत असायचे. सुनेने निवडलेले तांदूळ त्या पुन्हा निवडायच्या. खाचरात जेसीबी शिरला त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी तिथली घमेली भरभरून माती आणून जिन्याखाली रचून ठेवली होती. कशाला, ते त्यांनाही माहीत नव्हतं. माझी टोपली बघून कळलं.

त्यांनी काय केलं असेल? जन्मभर जे केलं तेच! खाचरातली ती माती टोपलीत घातली, पाणी ओतून लोण्यासारखा चिखल केला आणि त्यात झेंडूची रोपं भाताच्या चुडांसारखी, जुड्याजुड्यांनी, दाटीवाटीने खोचली. वर पाणी साचून राहावं म्हणून आतून प्लॅस्टिकचा कागद! मी तहानेने मारलं, आक्कांनी बुडवून मारलं. मुळं कुजली. मग पाणी देणं थांबवलं, तर उन्हाने त्या चिखलाची अशी वीट झाली की माझा चमचा वाकला. आक्का हरणाऱ्यातल्या नव्हत्या. वीट भिजावी म्हणून त्यांनी टोपलीत बादलीभर पाणी ओतलं. संध्याकाळी माझ्या गॅलरीतला हूक निसटला आणि ते अख्खं धूड खाली बाळासाहेबाच्या गाडीवर.

गाडीचं बॉनेट चेपलं. त्याहून वाईट म्हणजे नुकताच रंग दिलेल्या भिंतीवर चिखलाचा ओघळ वरपासून खालपर्यंत. बाळासाहेब ओरडला नाही, हात जोडून म्हणाला, “आय, कुनाच्या डोस्क्यात पडलं असतं म्हंजी? आता पुरं. एक बी शिंकं टांगायचं न्हाई हितं.”

आक्का ‘बरं’ म्हणाल्या. आणि त्या दिवसापासून झोपल्या.

म्हणजे खरोखरच झोपल्या. भिंतीकडे तोंड करून. ताप नाही, दुखणं नाही. पौडला दाखवलं, पुण्याला दाखवलं, सगळे रिपोर्ट चांगले. ताटातली भाकरी तशीच परत जायची. कामावरून आले की मी जाऊन बसायचे. “आक्का, काय होतंय?” तर म्हणायच्या, “दिस सरत न्हाई गं.” ही अशीच विझत जाणार, ही भीती घरात सगळ्यांना होती.

शेवटी मीच बाळासाहेबाला जिन्यात गाठलं.

“ताई,” तो म्हणाला, “गुडघ्याएवढ्या चिखलात तिला वाकल्याली बघत मोठा झालो मी. पाय कुजायचे तिचे पावसाळ्यात. आता बी तिनं चिखलच कालवायचा व्हय?”

“तुम्ही बसवलंत म्हणून तर त्या झोपल्यात,” मी फाडकन बोलून गेले. भाडेकरूने इतकं बोलायचं नसतं. पण तो चिडला नाही, कठडा धरून पायरीवरच बसला. मग म्हणाला, “पुन्ना पडलं तर?”

“पडणार नाही असं करू.”

कसं करायचं ते मला तरी कुठे येत होतं! रविवारी पौड रस्त्यावरची एक रोपवाटिका गाठली. तिथल्या माणसाने माझी कहाणी ऐकून आधी पोटभर हसून घेतलं. मग समजावलं. टांगायचं तर वजन हलकं हवं. नारळाच्या काथ्याचा भुसा, शेणखत, थोडं भाताचं तूस, टोपलीला आतून गोणपाट, आणि जादाचं पाणी खालून निथळायलाच हवं. भर उन्हात ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब लावा, सदाफुली लावा, लोंबती घाणेरी लावा. पेट्युनिया थंडीपुरती, उन्हाळ्यात तिचा हट्ट नको. आणि पाणी सकाळ-संध्याकाळ.

मी पिशव्या घेऊन आक्कांच्या खाटेशी गेले. घाणेरीचं नाव ऐकताच त्या कुशीवरून उताण्या झाल्या. “घानेरी? इकत आनलीस? अगं, बांधावरची तोडून तोडून माझा जलम गेला!” चला, निदान चिडल्या तरी. पण नारळाचा भुसा हातात घेतला आणि चेहरा पडला. “ह्यो तर कचरा. ह्यात जीव न्हाई. माझी माती घाल.”

“जड होते, आक्का. परत पडेल.”

“मग ऱ्हाऊ दे.” पुन्हा भिंतीकडे तोंड.

मी पिशव्या उचलायला लागले. तेवढ्यात दारातून बाळासाहेब म्हणाला, “मूठभर घाल की, आय. परत्येक टोपलीत मूठभर आपली माती. तेवढ्यानं काय पडत न्हाई.” आक्कांनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्या मातीला तो ‘आपली’ म्हणाला होता. खाचरं विकल्यापासून त्याने तिचं नावही काढलं नव्हतं. आक्का उठून बसल्या आणि सुनेला म्हणाल्या, “भाकरी हाय का गं?”

वेल्डर बोलावून बाळासाहेबाने गच्चीच्या मधोमध लोखंडी पाइपांचा मांडव घातला. टोपली पडली तरी गच्चीतच पडेल, ओघळ येणार नाही. आणि मग मी आवणी बघितली. भाताची रोपं उपटून खाचरात लावायची ती आवणी मी लातूरवाली कुठे बघणार? आक्कांनी भरलेल्या टोपल्या गच्चीवर ओळीने मांडल्या, डाव्या हातात ऑफिस टाइमच्या काड्यांचा चूड धरला, कमरेतून वाकल्या आणि उजव्या अंगठ्याने एकेक काडी दाबत चक्क उलट्या पावली मागे सरकायला लागल्या. पुढे सरकत लावताच येईना त्यांना! ओठांत काहीतरी गुणगुणत होत्या. मागे पाण्याची टाकी आहे हे विसरून तिच्यावर धडकल्या आणि स्वतःच इतक्या हसल्या की खालून सून धावत आली.

काड्यांनी जीव धरला. उन्हाळा चढेल तसा त्यांना जोर आला. सकाळी कंपन्यांच्या बस निघायच्या त्या सुमाराला फुलं उमलायची, दुपार कलली की मिटायची. “ह्यास्नी बी नोकरीच हाय म्हनायची,” आक्का म्हणायच्या. शेंडा खुडला की फुटवे येतात हे त्यांना फारच आवडलं. “भातावानीच हाय की गं!” पाणी मात्र अजूनही जास्तच घालायच्या आणि मी कमीच. त्यावरून आमची रोज वाजायची.

दोन वर्षांनी मी बंगळूरला निघाले. टेम्पो भरून खाली उभा होता. आक्का गच्चीवर असतील म्हणून वर गेले, तर तिथे ही गर्दी! जमिनी विकून मुलांनी ‘निवांत’ बसवलेल्या गावातल्या चार-सहा बायका, प्रत्येकीपुढे टोपली, आणि मधे आक्का. कुणाचा तरी अंगठा धरून त्या तो भुशात दाबत होत्या. मी पाया पडायला वाकले.

“चाललीस व्हय? सावकाश जा बाय, पोचल्यावर फोन कर.” त्या बाईचा हात काही त्यांनी सोडला नाही. “मला आत्ता येळ न्हाई बग. उनं व्हायच्या आत ह्या समद्या लावून व्हायला पायजेत.” आणि वळल्यासुद्धा.

मी जिन्यात थांबले. वाईट वाटायला हवं होतं आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं, पण हसू आवरेना. दिवस सरत नाही म्हणून भिंतीकडे तोंड करून पडलेली माझी आक्का! आज तिला मला निरोप द्यायला वेळ नव्हता. इतका सुंदर निरोप मला त्यानंतर कुणीही दिलेला नाही.