पडणारा पैलवान

सदा गेल्याची बातमी मला माहीमच्या बाजारात कळली, तीही तो जाऊन सहा दिवस झाल्यावर. सुरमई कापता कापता कोळीण म्हणाली, "तुमचा जोडीदार गेला ना, काळाचौकीचा? माझी सून त्याच चाळीतली. तुम्ही असालच मयताला." मी नुसती मान हलवली. पेपरात त्याच्याबद्दल एक ओळ नव्हती. माझ्यासाठी येईल. ज्यांचे सत्कार झालेले असतात त्यांच्यासाठी येते.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याची ती वर्षं. मुंबईत तेव्हा तिकीट लावून फ्रीस्टाइल कुस्त्या होत आणि त्यात मी सदाला अकरा वेळा हरवलं. एकही कुस्ती खरी नव्हती. सगळ्या नुरा कुस्त्या, निकाल ठेकेदार आधीच ठरवायचा. मी दादरचा, उंच, गोरा, पोस्टरवर शोभणारा. सदा लालबागच्या तालमीत तयार झालेला, काळासावळा, बुटका गिरणी कामगार. म्हणून जिंकायचं मी आणि पडायचं त्याने. मी त्याच्या मनगटावर दोनदा अंगठा दाबला की त्याने पडायचं, एवढीच खूण. पण तो पडायचा कसा! हनुवटी छातीला टेकवून, दोन्ही तळवे सपाट आपटून, असा की शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा हळहळावा आणि अंगाला मात्र काही लागू नये. एकदा मी त्याला चिडवलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "पडायला शिकायला मला सहा वर्षं लागली, बाळ्या. जिंकायला तुला काय लागतं? ठेकेदाराचा होकार." मी हसण्यावारी नेलं... तो हसला नव्हता.

त्याचा खरा जीव रांगोळीत होता. गणपतीत मंडपासमोर उकिडवा बसून तो माणसांचे चेहरे काढायचा. ज्या चिमटीत माझी मान सापडली तर सुटायची नाही, त्याच चिमटीतून पापणीचा एकेक केस उतरायचा. लोक म्हणत, कुस्ती सोड आणि हेच कर. तो म्हणायचा, "खांद्यात ताकद आहे म्हणून हात थरथरत नाही. दोन्ही एकच आहे."

मग गोळीबार झाले. त्यात गेलेल्यांच्या घरच्यांना मदत म्हणून लालबागच्या मैदानात आमची कुस्ती ठरली. आदल्या दिवशी सदा माझ्या घरी आला. "ही खरी लढू या," म्हणाला. "माणसं मेलीत रे. त्यांच्या बायकापोरांसमोर नाटक नको. ठेकेदारही नाहीये मध्ये." मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. देताना मनापासून दिला होता, एवढं मला लिहू द्या.

भर दुपारी मैदान गच्च भरलं होतं. चौथ्या मिनिटालाच मला कळलं की मी हरणार. सदाने मला कमरेला धरून उचललं होतं, माझे पाय जमिनीवरून सुटले होते आणि समोर हजारो माणसं माझ्या नावाने ओरडत होती. माझा हात त्याच्या मनगटावर होता. मी अंगठा दाबला. दोनदा.

त्याने माझ्याकडे पाहिलं... आणि तो पडला. पण या वेळी मी त्याच्याशी जीव खाऊन झगडत होतो, त्याला सावरून पडायला जागाच उरली नाही. माझं सगळं वजन त्याच्या उजव्या खांद्यावर आलं. लोकांनी मला उचललं, गुलाल उधळला, घोषणा दिल्या. खाली तो हात पोटाशी धरून बसला होता. मी वाकलो तर म्हणाला, "जा, लोक बोलावतायत तुला."

तो खांदा कधी धड झाला नाही. गिरणीत कापड विणायच्या साच्यावरून काढून त्याला दरवाज्यावर बसवलं. राज्य झालं तेव्हा मी मंचावर हार घालून बसलो होतो. खाली सदा स्टुलावर बसून चाळीतल्या मुलींना रांगोळी कुठे सोडायची ते तोंडाने सांगत होता. मी मंचावरून उतरलो आणि दुसऱ्या बाजूने निघून गेलो. पुढची वीस वर्षं दुसऱ्या बाजूनेच गेलो.

बाजारातून कळलं त्यानंतर आठ दिवसांनी काळाचौकीला गेलो. सदाच्या बायकोने, इंदूवहिनींनी, पाणी दिलं. म्हणाल्या, "एकदा मी विचारलं होतं, जिंकत होतात तर पडलात का? म्हणाले, बाळ्या घाबरला होता. बस्स. कधी तुम्हाला दोष दिला नाही, भावोजी." मी काही बोलणार, तेवढ्यात त्याच आवाजात पुढे म्हणाल्या, "त्यांनी नाही दिला. मी देते."

खाटेच्या वर, छताच्या कडीला एक जाड दोरी लोंबत होती. उजवा हात टेकून उठता येत नसे, म्हणून सदा रोज सकाळी डाव्या हाताने ती धरून उठायचा. हात पोचतो तेवढ्या भागात ती तेलकट, काळी पडली होती. मला ती बघवेना. म्हटलं, "वहिनी, ही काढून टाकू का?"

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मलाही आता तिच्याशिवाय उठता येत नाही."